बर्फाचं मावंदं

आमच्या धारवाडच्या मळमड्डीत माणूस देवाशिवाय दुसऱ्या कशासाठी घराबाहेर पडतं, यावर कोणाचा विश्वास नाही. पहाटे फिरायला निघालं तरी फाटकाशी प्रश्न ठरलेला, नुग्गीकेरीच्या हनुमंताला का? नाही म्हटलं तर तोंड वाकडं करतात, म्हणून लोकही हो म्हणून टाकतात आणि सुटतात. मी म्हणत नाही. मी सरळ सांगते, गुडघे धरलेत म्हणून फिरते, हनुमंताला माझ्या गुडघ्यांशी काय देणं-घेणं? त्यामुळे गल्लीत माझं नाव फटकळ विमल असं पडलंय. पडू दे की.

तर माझी नणंद इंदुमती पाठीवर वाळूची पिशवी बांधून सोमेश्वराच्या वाटेवरचा चढ रोज चढायला लागली, तेव्हा गल्लीने अर्ध्या दिवसात निकाल दिला की इंदूअक्काने नवस बोललाय. कसला नवस, यावर मात्र दोन पक्ष होते. एक म्हणायचा नोकरीतल्या बढतीचा, दुसरा म्हणायचा या वयात आता कसली बढती, लग्नाचाच असणार.

इंदू पन्नाशी उलटलेली. धारवाडच्याच एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिने लग्न का केलं नाही हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही, आणि माझ्यात हिंमत कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. तिच्या त्या वाळूच्या पिशवीमागे देव नव्हता, बर्फ होता. शाळेत कोणीतरी वर्तमानपत्र आणलं होतं, त्यात आलं होतं की हिमालयात औलीला सरकारी शिबिर असतं. आधी नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने डोंगर चालवतात, मग पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवतात. त्याला स्कीइंग म्हणतात. बाईने जन्मभर मुलींना हिमनद्या शिकवल्या, शीत कटिबंध शिकवला, आणि स्वतः बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवरचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तिला ते डाचत होतं. मला कधी डाचलं नव्हतं, पण मी भूगोल शिकवत नव्हते.

तिने जेवताना ही गोष्ट काढली. आमचे हे, म्हणजे मुकुंदराव, जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. थंडी बाधेल, हाड मोडेल, यातलं काही ते बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, लोकांना काय सांगायचं? इंदू म्हणाली, खरं सांगायचं. हे म्हणाले, खरं सांगणं इतकं सोपं असतं तर कोर्टं कशाला लागली असती. नोकरीभर साक्षीदारांना शपथ घालणारा माणूस हा, बोलून चालून अनुभवी.

पण इंदू त्यांची एकुलती एक बहीण. आईवडिलांमागे ह्यांनीच तिला वाढवलेली. तिने हट्ट असा कधी केला नव्हता, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी एक अट घातली, विमल बरोबर जाईल. मला कोणी विचारलं नाही. ट्रंक जायची तशी मीही जायची ठरले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या हिराबाईंनी ह्यांना फाटकाशी गाठलं. हिराबाई म्हणजे हुबळीच्या बाजारात धान्याची पेढी असलेल्या घरातल्या, मुलाला धारवाडात नोकरी म्हणून इकडे आलेल्या. गल्लीतल्या सर्वांत वडील बाई. त्यांना उत्तर दिलं की ते सगळ्यांना दिल्यासारखंच. त्यांनी विचारलं, इंदूचं ते पिशवी घेऊन चढणं कशासाठी हो? ह्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, बद्रीनारायणाला जायचंय तिला, पायांना सवय नको का? हिराबाईंनी तिथेच हात जोडले. छलो आतु, छलो आतु, फार चांगलं झालं म्हणत घरी गेल्या. उन्हं उतरेपर्यंत गल्लीभर झालं.

आपल्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाच्या हातात प्रत्येकजण काही ना काही ठेवतो, आमच्या नावाने देवापुढे वाहा म्हणून. ते नाकारता येत नाही, पाप लागतं. आमच्या घरी रीघ लागली. कोणी खण आणला, कोणी नातवाच्या नावाने नारळ, कोणी मूठभर तांदूळ. कुलकर्ण्यांच्या श्यामलाने तर बांगड्यांचा डझन आणला, फुटू देऊ नका म्हणाली. आमच्या माजघराचं देवस्थानाचं कोठार झालं. हे सगळ्यांना हसून बसा बसा म्हणत होते. थोडक्यात त्यांनाच यात्रेचं पुण्य लागायला सुरुवात झाली होती.

इंदू शाळेतून आली, तो पसारा पाहिला आणि सरळ भावापुढे जाऊन उभी राहिली. अण्णा, हे तू काय केलंस, असं विचारलं. हे म्हणाले, मी खोटं काय बोललो? तो रस्ता बद्रीनारायणाकडेच जातो. ती म्हणाली, रस्ता जात असेल, मी जात नाही ना. त्यावर ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मग ती स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. 

"वहिनी, आजवर सगळं दुसऱ्याने ठरवलेलं केलं. शाळाही अण्णानेच बघून दिली. एवढी एकच गोष्ट मी माझ्या मनाने करते आहे. ती तरी माझ्या नावावर राहू दे. तीही देवाच्या खात्यात कशाला?"

मी म्हटलं, आधी जाऊन तर ये, नावाचं मागून बघू. खरं सांगते, मला तेव्हा तिचं म्हणणं पुरतं कळलं नव्हतं. बद्रीनारायण म्हणा की बर्फ म्हणा, गाडीत बसून घुसळून निघायचं ते निघायचंच, असं मला वाटत होतं.

लोंढ्याला गाडी बदलून दिल्ली, तिथून हरिद्वार, आणि तिथून डोंगरातली बस. ती बस अशा वळणांवरून जाते की पोटातलं धपाटं परत तोंडाशी येऊन नमस्कार करतं. जोशीमठाला उतरलो तेव्हा मी मनातल्या मनात ह्यांच्या नावाने बोटं मोडत होते. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या सगळं माझ्या कडेवर. मी इंदूला म्हटलं, हे ओझं मी बर्फावर नेणार नाही. आपण बद्रीनारायणाची चौकशी करू, अर्ध्या दिवसात जाऊन येऊ.

चहावाल्याने आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाला, माताजी, हिवाळ्यात वरचं देऊळ बंद असतं. दिवाळीनंतर दारं मिटतात, ती उन्हाळ्यात उघडतात. आता वर चिटपाखरू नाही. पूजा खाली होते, इथे जोशीमठातच नरसिंहाच्या देवळात जा.

मी तिथेच बाकड्यावर बसून पोट धरून हसले. गल्लीतल्या एकालाही हे माहीत नव्हतं. आमच्या गल्लीचे भटजी, प्रभंजनभटजी, त्यांना माहीत असणार, पण यात्रेकरू परत आला की दक्षिणा असते, तेव्हा त्यांनी कशाला बोलावं? इकडे देव थंडीला कंटाळून खाली उतरला होता, आणि आमची इंदू वर निघाली होती.

देऊळ दोन गल्ल्या सोडून. सगळ्यांची नावं घेऊन खण-नारळ वाहिले, बांगड्या एकही न फुटता पोचल्या, गंगेचा गडू हरिद्वारलाच भरून सील करून घेतलेला होता. इंदूने नमस्कार केला, मनापासून केला. पण तिचं अर्धं लक्ष वर पांढऱ्या दिसणाऱ्या डोंगराकडे होतं, हे मी पाहिलं. देवानेही पाहिलं असेल, तो काही बोलला नाही.

मग तारेवरून लटकत जाणाऱ्या खोलीत बसून आम्ही औलीला गेलो. उद्यान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आपलं आझाद पार्क. बाकं असतील, कारंजं असेल, दमलं की बसायला सावली असेल. वर पोचून बघते तर बाक नाही, कारंजं नाही, नुसता पांढरा उजेड, डोळे उघडवेनात. पहिले काही दिवस शिबिरातल्या लोकांबरोबर त्या उद्यानाच्या हद्दीच्या दिशेने चालायचं होतं. सगळी विशी-पंचविशीतली पोरं, आम्हाला आंटी आंटी करणारी. पहिल्या चढाला मी खाली बसले आणि पुढे काही गेले नाही. इंदू गेली. वाळूची पिशवी कामाला आली. परतली ती बुटांतला बर्फ झटकत बसली. मग म्हणाली, नंदादेवी दिसली, अख्खी दिसली. एवढंच. भूगोलाची बाई, उंची सुद्धा सांगितली नाही.

पुढे फळ्यांचा वर्ग. नेगी म्हणून तिथला शिकवणारा, तरुण मुलगा, सांगायचा एक आणि इंदूकडून व्हायचं भलतंच. ती उजवीकडे पडायची, डावीकडे पडायची, कधी उभ्याउभ्या नुसती बसायची. मी शाल गुंडाळून चहाच्या टपरीवरून बघायचे आणि दर पडण्याला माझा जीव खाली-वर व्हायचा. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. तेल चोळताना मी म्हटलं, पुरे आता, बर्फ पाहिलास, खाल्लास, अंगाला लावलास. तिने फक्त पाय मागे घेतला.

आणि मग एका सकाळी ती वरून सुटली ती पडलीच नाही. काठ्या हातात, थोडी वाकलेली, पदर नाही, अंबाडा नाही, डोक्यावर लोकरीची टोपी. सरळ खालपर्यंत आली आणि माझ्यापुढे येऊन थांबली. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणापासून ओळखते. लग्न होऊन आले तेव्हा ती परकर नेसून सागरगोटे खेळायची. तो चेहरा त्या दिवशी मला परत दिसला. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू.

नेगीने ते पाहिलं आणि मला म्हणाला, आंटी, आता तुम्ही. मी त्याला दहा कारणं सांगितली. त्यातलं पहिलं लुगडं. इंदूने सामानातून ह्यांची कोर्टात घालायची गरम पँट काढली, थंडीसाठी म्हणून मीच घेतलेली. ती मी लुगड्याच्या आत चढवली, वर कासोटा घातला, आणि त्या दोघांनी मला लहान उतारावर नेऊन उभं केलं. नेगीने हात सोडला. मी ओरडले, कानडीत ओरडले, पण खाली गेले. पायाखाली काही वाजत नाही, काही लागत नाही, जग आपणहून मागे जातं. खाली पोचून बसकण मारली आणि हसत सुटले. आनंद झाला हो. एवढ्या वर्षांच्या संसारात तसा नव्हता झाला. परत वर गेले आणि परत घसरले.

रात्री मात्र मला घाम फुटला. धारवाडात कळलं तर? हुबळीला आमच्या सुनेच्या माहेरी कळलं तर? मी इंदूला शपथ घातली, माझं नाव काढायचं नाही. तिने विचारलं नाही का म्हणून. म्हणाली, वहिनी, तुझ्या नावाचं अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. पण माझं मी सांगणार. मी म्हटलं, सांग बाई.

धारवाडच्या स्टेशनावर हे हार घेऊन उभे. बरोबर प्रभंजनभटजी, हिराबाई आणि अर्धी मळमड्डी. बर्फावरच्या उन्हाने इंदूचं तोंड रापून तांब्याचं भांडं झालं होतं, नाकाची साल निघाली होती. हिराबाई म्हणाल्या, बघा, तेज कसं आलंय. मावंद्याचा दिवसही ठरून गेलेला. यात्रा करून आलेल्याने गंगेच्या गडूची पूजा करून गल्लीला जेवायला घालायचं, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. ह्यांनी आचारी सांगितला होता, मांडव घातला होता, सुनेच्या माहेरच्या, हुबळीच्या पाहुण्यांनाही आमंत्रणं गेली होती.

मावंद्याच्या दिवशी इंदूला रांगोळी घातलेल्या पाटावर बसवलं. गडूची पूजा झाली. पंगती बसल्या, पुरणपोळ्या वाढल्या, आणि जेवणाआधी बायका एकेक करून तिच्या पाया पडायला लागल्या. तिच्याहून वडील असलेल्या बायकाही. यात्रेकरूच्या पायाला वय नसतं म्हणतात. श्यामला वाकली तसे इंदूने पाय ओढून घेतले आणि उभी राहिली. शाळेत वर्ग गप्प करायचा तिचा आवाज आहे, त्या आवाजात बोलली.

"माझ्या पाया पडू नका. तुमचे खण-नारळ देवाला पोचले, ते खोटं नाही. पण देव वाटेत भेटला. मी गेले होते बर्फावर घसरायला. शिकले. पुष्कळदा पडले, मग उभी राहून खाली आले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता."

 मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. कोसळलं नाही. प्रभंजनभटजींनी डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाले, याला म्हणतात खरी यात्रा. ज्याला दर्शन घडतं तो सांगत नाही, लपवतो. सगळा मांडव हूं हूं करू लागला. कोणी म्हणालं, काय हा विनय. कोणी म्हणालं, बर्फ म्हणजे मायाच की, त्यावरून माणूस घसरतो आणि मग देवापाशी उभा राहतो, किती खोल बोलली बघा. आणि बायका दुप्पट भक्तीने वाकायला लागल्या.

इंदू म्हणत होती, अहो खरंच, पायाला फळ्या बांधून. कोणी ऐकेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाहून हिराबाईंनी सुनेला म्हटलं, अजून मूर्ती डोळ्यांपुढे आहे ग तिच्या.

मग इंदूने माझ्याकडे पाहिलं नाही. शपथ पाळणारी बाई ती. मी भाताचं भांडं घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, पण तिची नजर माझ्यावरून नुसती सरकून गेली आणि भावावर थांबली.

"अण्णा, तुला माहीत आहे. तू तरी सांग."

हे पंगतीच्या टोकाला बसले होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, हुबळीच्या पाहुण्यांकडे पाहिलं, पानावरच्या पोळीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "विमल, इकडे भात वाढ जरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं त्यांच्या पानात मी वाढत आले, चुकूनही कधी हात आखडला नाही. पण त्या क्षणी मला ते भांडं उचलवेना. मी ते तिथेच जमिनीवर ठेवलं.

"ती खरं बोलते आहे," मी म्हटलं. "घसरायलाच गेली होती. मी डोळ्यांनी पाहिली. आणि ती सांगत नाही ते मी सांगते, मीही घसरले. दोनदा. ह्यांची कोर्टाची पँट घालून."

कोणी हूं केलं नाही. भटजींचे मिटलेले डोळे उघडले. माझ्या अंगात विनय आहे असा संशय मळमड्डीत आजवर कोणी घेतलेला नव्हता, तो त्या दिवशीही कोणाला आला नाही. हुबळीचे पाहुणे ह्यांच्याकडे वळून पाहायला लागले. ह्यांचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाईटही वाटलं. मग नाही वाटलं.

हिराबाई पाया पडायच्या रांगेत होत्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून आधी मला पाहिलं, मग इंदूला. विमल म्हणते म्हणजे झालंच असणार, असं स्वतःशी म्हणाल्या. मग इंदूच्या पाटाशेजारी जमिनीवर हळूहळू बसल्या आणि विचारलं, "वरून खाली बघितलंस, तेव्हा भीती वाटली का ग?"

इंदूने डोळे पुसले. "वाटली," ती म्हणाली. "खूप वाटली."

"मग सुटलीस कशी? नीट सांग. पहिल्यापासून सांग."

इंदू सांगायला लागली. आधी अडखळत, मग हातवारे करत. श्यामलाने पुढे सरकून कान दिला, तिच्यामागच्या बायकांनी पदर सावरून बैठक मारली, पंगतीतले पुरुष पोळी मोडता मोडता थांबले. हुबळीच्या एका पाहुण्याने विचारलं, फळ्या केवढ्या असतात? इंदूने हात पसरून दाखवलं. ह्यांना वाटलं असावं, आता तरी विषय बदलेल. त्यांनी खाकरून पुन्हा भाताची आठवण केली.

हिराबाईंनी मागे न बघताच हात वर केला.

"थांबा हो मुकुंदराव, ती आत्ता कुठे उतरायला लागली आहे."

ह्यांनी पानावरचा हात मागे घेतला आणि ऐकत बसले.